व्यापाऱ्यांचा न्यायाधीश

व्यवहारांत तंटा उपजणें हें नवल नव्हे. परंतु हुंडीच्या वादापायीं हुंडीहून अधिक पैसा वकील व स्टँप यांत जावा आणि निकाल नातवाच्या हातीं पडावा, ही स्थिति कोणत्याहि व्यापारी समाजास लांछनास्पद होय. हा रोग केवळ आमचाच नव्हे. अठराव्या शतकांत लंडनच्या पेठेसहि तो जडला होता. त्यावर ज्यांनीं उतारा शोधला, त्या न्यायाधीशांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

विल्यम मरे, म्हणजेच पुढील लॉर्ड मॅन्सफील्ड, यांचा जन्म १७०५ सालीं स्कॉटलंडांतील स्कोन येथें सरदार घराण्यांत झाला. लहानपणींच ते शिक्षणासाठीं लंडनास आले. १७३० सालीं त्यांनीं वकिली आरंभिली आणि १७५६ सालीं ते किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. तें पद त्यांनीं १७८८ पर्यंत भूषविलें.

त्या न्यायालयांत एकच मुद्दा पुनः पुनः वादास घेण्याचा प्रघात होता, व प्रत्येक फेरीस पक्षकाराची थैली हलकी होई. खरी शंका असल्यावांचून दुसरा वाद ऐकावयाचा नाहीं, असा शिरस्ता मॅन्सफील्ड यांनीं पाडला. गिल्डहॉलमध्यें त्यांनीं जाणत्या व्यापाऱ्यांची ज्यूरी बसविली. पेठेची चाल त्यांच्याकडून समजून घ्यावी आणि कायद्याचा कठीण मुद्दा पूर्ण पीठापुढें न्यावा, ही त्यांची रीत.

१७५८ सालीं टपालांतून चोरलेल्या बँकनोटेचा वाद आला. एका खानावळवाल्यानें ती निष्कपटपणें, मोबदला देऊन घेतली होती. नोट ही पैशाप्रमाणेंच हातोहात चालते, म्हणून ती त्याचीच, असा निर्णय झाला. १७६६ सालीं सुमात्रांतील किल्ल्याच्या विम्याचा खटला आला. किल्ला फ्रेंचांनीं घेतला होता; ज्यूरीनें विमा उतरविणाऱ्याच्या बाजूनें कौल दिला, तेव्हां विमेवाल्यानें फेरसुनावणी मागितली. ती नाकारली गेली. आपणांसच ठाऊक असलेली गोष्ट दोघांनींहि उघड करावी. परंतु धोका जाणून हप्ता घेणाऱ्यानें मागाहून अज्ञानाची सबब सांगूं नये, हें तत्त्व तेथें ठरलें.

त्यांचें सर्वच टिकलें असें नाहीं. व्यापाऱ्याचें लेखी वचन मोबदल्यावांचूनहि बंधनकारक, हें त्यांचें १७६५ चें मत १७७८ सालीं लॉर्डांच्या सभेंत अमान्य झालें. १७८० च्या लंडनमधील दंग्यांत जमावानें त्यांचें घर व ग्रंथसंग्रह जाळला. तरीहि ते आसनावरून ढळले नाहींत. १७९३ सालीं ते निवर्तले.

आमच्याकडे १८८१ च्या कायद्यानें हुंडी-चेक प्रामाणिकपणें घेणाऱ्यास संरक्षण दिलें. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यानें हरणाऱ्यानें खर्च द्यावा हा सामान्य नियम घातला, आणि २०१८ पासून, तातडीची दाद मागावयाची नसल्यास, दाव्यापूर्वीं मध्यस्थीचा मार्ग आवश्यक केला. कायदा झाला, परंतु अपील हें केवळ दिरंगाईचें हत्यार मानणारी वृत्ति कायद्यानें जात नाहीं. व्यापारीबंधूंनो, चोख वही, उघड व्यवहार आणि वेळींच तडजोड, या तीन गोष्टी पाळल्या तर कोर्टाची निम्मी वाट आपोआप वांचेल.