एडिसनचे ते हजारो फसलेले प्रयोग बल्बसाठी नव्हते, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीसाठी होते

एडिसन म्हटलं की एक किस्सा हमखास सांगितला जातो. बल्ब बनवताना हजारो प्रयोग फसले, पण गडी मागे हटला नाही. दहावीच्या निरोप समारंभापासून ते सकाळी सकाळी येणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजपर्यंत हा किस्सा सगळीकडे भेटतो.

पण एडिसन हयात असताना, १९१० साली त्याचं चरित्र आलं. त्यात हा किस्सा सांगणारा त्याचा सहकारी बल्बबद्दल बोलतच नव्हता. तो बोलत होता बॅटरीबद्दल, आणि फसलेल्या प्रयोगांचा आकडा होता नऊ हजारांच्या वर. ही बॅटरी एडिसनला हवी होती इलेक्ट्रिक गाडीसाठी. आज ईव्ही घेताना जो वाद कानावर येतो ना, बॅटरी बदलून घ्यायची की फास्ट चार्ज करायची, तो तेव्हाही होता. आणि एडिसन त्यात पुरता अडकला होता.

थॉमस अल्वा एडिसन जन्मला ११ फेब्रुवारी १८४७ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. शाळा फारशी झाली नाही. पोरवयात रेल्वेत पेपर विकले, मग तारायंत्रावर नोकरी केली. १८७७ ला फोनोग्राफ, १८७९ ला दिवा, १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीज केंद्र. ही वीज होती डीसी. पुढे एसी करंट आला आणि त्या लढाईत एडिसन हरला. हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असतं.

कमी माहीत असलेली गोष्ट सुरू होते १८९९ च्या आसपास. एडिसन पन्नाशी ओलांडलेला. १९०० साली अमेरिकेत चार हजारांच्या वर मोटारी बनल्या, त्यातल्या १,५७५ इलेक्ट्रिक होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. उरलेल्या वाफेवरच्या. म्हणजे तेव्हा पैज लावायची असती तर कुणीही इलेक्ट्रिकवरच लावली असती.

अडचण एकच, बॅटरी. शिसं आणि ॲसिडची ती बॅटरी प्रचंड जड आणि चार्ज व्हायला कित्येक तास घेणारी. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक टॅक्सीवाल्यांनी १८९७ पासून यावर तोडगा काढला होता. टॅक्सी स्टेशनात यायची, यंत्राच्या मदतीनं रिकामी बॅटरी बाहेर आणि भरलेली आत. काही मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. आयडिया झकास होती, पण खडबडीत रस्त्यांवर दणके खाऊन शिशाच्या प्लेटा खराब व्हायच्या. देखभालीची बोंब होती, पैशांचे घोळही होते. शेवटी १९०७ मध्ये ती कंपनी बुडाली.

एडिसनचं म्हणणं वेगळं होतं. मुळात बॅटरीच वाईट असेल तर ती अदलाबदल करून काय उपयोग? त्यानं शिसं आणि ॲसिड दोन्ही बाजूला ठेवलं. त्याऐवजी निकेल, लोखंड आणि अल्कलीचं द्रावण. १९०१ ला कंपनी काढली, १९०३ ला बॅटरी बाजारात आणली, गाजावाजाही भरपूर केला.

आणि ती फसली. डबे गळायला लागले, क्षमता घसरायला लागली. एडिसननं उत्पादन थांबवलं, खराब माल परत घेतला आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. एवढी जाहिरात केल्यावर असं करायला हिंमत लागते, पण यात पाच वर्षं गेली.

१९०९ ला सुधारलेली बॅटरी आली, ती मात्र दणकट निघाली. धक्के सोसायची, जास्त चार्ज झाली तरी बिघडायची नाही, रिकामी पडून राहिली तरी चालायचं. शिवाय तिला थोडा वेळ नेहमीच्या कित्येक पट करंट देता यायचा. माल पोचवणारी गाडी दुपारच्या सुटीत उभी असताना तेवढ्यात थोडा चार्ज भरून घ्यायची सोय. आजच्या फास्ट चार्जिंगची ही आजीच म्हणायची. मर्यादाही तीच, बॅटरी तापायला लागली की आवरतं घ्यायचं.

गंमत म्हणजे बदलून घ्यायची पद्धतही संपली नव्हती. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीनं १९१० च्या सुमारास मालवाहू गाड्यांसाठी योजना काढली. गाडी बॅटरीशिवाय घ्यायची, बॅटरी कंपनीची. मालकानं महिन्याचं शुल्क आणि मैलामागे पैसे द्यायचे. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि त्यात गाड्या ६० लाख मैलांहून जास्त धावल्या. बॅटरीची किंमत आणि तिच्या म्हातारपणाची काळजी मालकाच्या डोक्यावरून उतरली होती. आज बॅटरी भाड्यानं देणाऱ्या कंपन्या हेच गणित मांडतात.

एडिसनच्या बॅटरीत मात्र ही काळजी मालकाच्याच खिशात होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या कंपनीच्या गाडीत ती हवी असेल तर ६०० डॉलर जादा मोजावे लागायचे. थंडीत तिची ताकदही कमी व्हायची.

आणि ६०० डॉलर म्हणजे किती? १९१५ च्या आसपास फोर्डची अख्खी मॉडेल टी ५०० डॉलरच्या आत मिळत होती.

या हेन्री फोर्डला पेट्रोलच्या वाटेवर पाठबळ कुणी दिलं होतं? खुद्द एडिसननं. १८९६ साली फोर्ड त्याच्याच नावाच्या डेट्रॉइटच्या वीज कंपनीत इंजिनिअर होता. एका जेवणावळीत त्यानं आपल्या गाडीचं इंजिन एडिसनला समजावून सांगितलं आणि एडिसननं तेच काम पुढे न्यायला सांगितलं. १९०८ ला मॉडेल टी आली, एडिसनची पक्की बॅटरी यायच्या एक वर्ष आधी. १९१२ ला कॅडिलॅकनं बटण दाबून सुरू होणारी मोटार आणली आणि हँडल फिरवायची कटकटही गेली.

तोवर दोघे जिवलग मित्र झाले होते. १९१४ ला फोर्डनं एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त इलेक्ट्रिक गाडी आणणार असं जाहीरही केलं. नमुने बनले, गाडी काही बाजारात आली नाही. फोर्डची बायको क्लारा मात्र स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिकच चालवायची.

बॅटरी वाया गेली नाही. खाणकामगारांचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, डब्यांमधले दिवे तिच्यावर चालले आणि एडिसनला तिनं चांगला पैसा मिळवून दिला. १८ ऑक्टोबर १९३१ ला वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला, तेव्हा रस्त्यांवर पेट्रोलचं राज्य होतं. त्याच्या बॅटरीचं उत्पादन त्यानंतरही ४० वर्षांहून जास्त चाललं आणि १९७५ मध्ये बंद झालं.