रॅमन मॅगसेसे : बंडाशी झुंजलेला संरक्षणमंत्री

१९५८ साली विनोबा भावे यांना लाभलेल्या पुरस्कारामुळे रॅमन मॅगसेसे हे नाव तुमच्या परिचयाचे असेल. फिलिपिन्सच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान निराळ्या कारणाने महत्त्वाचे आहे.

३१ ऑगस्ट १९०७ रोजी जन्मलेले मॅगसेसे प्रारंभी एका बस कंपनीत मेकॅनिक होते. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी सैन्याविरुद्ध गनिमी काव्याने लढले. म्हणूनच सप्टेंबर १९५० मध्ये संरक्षणमंत्री होताना गनिमांचे बळ कशात असते, हे ते अनुभवाने जाणत होते.

त्यांच्यापुढे ‘हुक’ बंडखोरांचे आव्हान होते. हे बंडखोर प्रामुख्याने मध्य लुझोनमधील, जमीनदारांनी नाडलेल्या कुळांतून आलेले होते. सैन्याची खरी अडचण शस्त्रांची नव्हती, हे येथे लक्षात घ्या. सरकारी दलांच्या अत्याचारांमुळे गावकरी त्यांनाच भीत आणि हुकांना अन्न, आसरा व वार्ता पुरवीत. मॅगसेसे यांनी लष्करी तळांना अचानक भेटी देऊन अकार्यक्षम अधिकाऱ्यांना दूर केले. नागरिकांना अल्प दरात थेट आपल्याकडे तक्रारीची तार पाठवण्याची सोय केली. शरणागतांना मिंडानाओ बेटावर जमीन देऊ केली. १९५३ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पुढील वर्षी हुक नेते लुईस तारुक शरण आले.

तथापि १९५५ चा जमीनसुधारणा कायदा जमीनदारांच्या दबावामुळे दुबळा ठरला. १७ मार्च १९५७ रोजी विमान अपघातात मॅगसेसे यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्याच मध्य लुझोनमध्ये नवे सशस्त्र बंड उभे राहिले. सैन्याने मिळवलेले यश आणि न सुटलेला जमिनीचा प्रश्न या दोन्हींचा विचार करूनच तुम्ही या चरित्राचे मूल्यमापन करावे.