सातबारा एका क्लिकवर दिसतो, त्यामागची कल्पना मांडणारा एडगर कॉड कोण होता?

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. इथल्या जमिनीचा सातबारा ऑनलाईन पाहायचा तर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि गट नंबर टाकायचा. नोंद कोणत्या फाईलमध्ये आहे, हे आपण सांगत नाही. काय हवंय तेवढंच सांगतो.

१९७० च्या आधी हे इतकं सोपं नव्हतं. ते सोपं करणारी कल्पना एडगर कॉड यांची.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात पायलट होते. १९४८ मध्ये अमेरिकेत गेले आणि आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. तिथे सिनेटर मॅकार्थी लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटले होते. त्याला वैतागून कॉड १९५३ मध्ये कॅनडाला निघून गेले. नंतर परतले आणि चाळिशीत पीएचडी केली.

त्या काळी कॉम्प्युटरमधली माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवलेली असायची. नवा रिपोर्ट हवा असेल तर कोणत्या फांदीवरून कुठे जायचं, हे प्रोग्रॅमरने लिहायचं. रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलायचा.

१९७० मध्ये कॉड यांनी शोधनिबंध लिहून सांगितलं, माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा. समजा, मंचरच्या बाजारातल्या कांद्याचा हिशोब आहे. एका तक्त्यात शेतकरी आणि त्यांची गावं, दुसऱ्यात कोणी किती कांदा आणला. दोन्ही तक्ते जोडले आणि गावानुसार बेरीज केली की रिपोर्ट तयार. आज एसक्यूएल शिकणारी पोरं 'जॉइन' आणि 'ग्रुप बाय' म्हणतात, ते हेच.

पण आयबीएमने घाई केली नाही. कारण जुन्या पद्धतीच्या आयएमएस या सिस्टीममधून कंपनीला चांगला पैसा मिळत होता. १९७४ मध्ये आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएलचा पहिला आराखडा मांडला, तरी बाजारात आधी उतरली ती १९७९ मध्ये ओरॅकल. कॉड मात्र एसक्यूएलवरही खूश नव्हते. आपली कल्पना त्यात नीट उतरली नाही, असं त्यांचं मत होतं.

१९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी 'ओलॅप' हा शब्द आणला. एकच विक्री महिन्यानुसार, भागानुसार, मालानुसार उलटसुलट करून पाहायची, ही ती पद्धत. आजच्या बिझनेस रिपोर्टिंग टूल्समध्ये ती सर्रास दिसते. मात्र हा लेख एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी लिहिला होता, आणि तिचंच प्रॉडक्ट त्यातल्या नियमांत बसत होतं. त्यामुळे कॉड यांच्यावर टीकाही झाली.

१८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात त्यांचं निधन झालं. गट नंबर टाकून सातबारा पाहणाऱ्या बहुतेकांनी त्यांचं नाव कधी ऐकलेलं नसतं.