विल्यम केरी : जोड्यांच्या दुकानातून भाषेच्या वर्गात

१८०५ साली बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचे एक व्याकरण छापून बाहेर पडले. पाच वर्षांनी, म्हणजे १८१० साली, त्याच गृहस्थांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला, तो मोडी अक्षरांत. हे गृहस्थ कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असत. त्यांनी मराठी मुलूख मात्र आयुष्यात कधी पाहिला नाही. पुणे नाही, सातारा नाही, नागपूरही नाही. बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहून मराठी जतन करणाऱ्या आपल्या मंडळ्यांना याचे नवल इतरांपेक्षा अधिक वाटावे.

विल्यम केरींचे नाव आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. मिशनरी म्हणून त्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. आम्ही येथे त्यांच्याकडे पाहणार आहोत ते परक्या भाषांचा विद्यार्थी आणि शिक्षक या नात्याने. हल्ली आपली मुलेमुली विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, जपानी शिकू लागली आहेत, आणि घरची वडीलमाणसे काळजीने विचारतात की दुसऱ्यांची भाषा शिकून पुढे काय? तेव्हा आम्हांला केरी आठवतात.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर व पुढे गावच्या शाळेचे मास्तर. अंगावर ऊन सोसत नाही म्हणून मुलाला शेतकाम जमेना, तेव्हा त्याला पिडिंग्टन गावच्या एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेवले. त्या धन्याच्या घरी नव्या कराराच्या टीकेचे एक पुस्तक होते व त्यात मधूनमधून ग्रीक शब्द छापलेले होते. मुलाला ती अक्षरे लागेनात. ती त्याने जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली आणि गावी गेल्यावर एका विणकराला दाखविली. हा विणकर एके काळचा चांगला शिकलेला, पण वाईट सवयींपायी धुळीला मिळालेला मनुष्य होता. त्याच्याकडून केरी ग्रीक शिकले. पुढे लॅटिन, हिब्रू, डच, फ्रेंच या भाषा त्यांनी जोडे शिवता शिवता, शाळा चालविता चालविता आत्मसात केल्या. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पायरी ते चढले नाहीत. तेवढा पैसाही नव्हता, आणि ते बाप्तिस्त पंथाचे असल्यामुळे ती दारे त्यांना मोकळीही नव्हती. ग्रीक शिकताना आम्ही क्रियापदांच्या तक्त्यापुढे डोके धरून बसत असू, आणि आमच्यापुढे तर शिक्षक होते, पुस्तके होती, दोन वेळचे जेवण होते.

१७९३ च्या जून महिन्यात ते एका डॅनिश जहाजाने निघाले व ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचले. बंगाली शिकण्यास त्यांनी जहाजावरच आरंभ केला होता. येथे रामराम बसू हे त्यांचे मुनशी झाले. पोटासाठी केरींनी मालदा-दिनाजपूर भागात मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचे काम धरले आणि तेथे त्यांना एक गोष्ट उमगली. मुनशी व पंडित यांच्याजवळ शिकलेली संस्कृतप्रचुर बंगाली नीळ पिकविणाऱ्या कुळांना कळत नव्हती, आणि कुळांची बोली त्यांना कळत नव्हती. म्हणून ते पायी खेडोपाडी हिंडले, बोलणे ऐकत राहिले. एकच भाषा दोनदा शिकावी लागते, एकदा पोथीतून व एकदा माणसांच्या तोंडून, हा धडा तेथला.

तेथेच १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डॉरथी मुळातच या प्रवासास नाखूष होत्या; त्यांना लिहितावाचता येत नसे, विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी खूण केली होती. पुत्रशोकानंतर त्यांच्या मनाचा तोल गेला तो १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरला नाही. शेजारच्या खोलीत आजारी पत्नीचा आक्रोश चालू असताना केरी भाषांतर करीत बसत. थोर पुरुषांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला तसे करवत नाही. ज्या मनुष्याने इतक्या परक्यांचे बोलणे कान देऊन ऐकले, त्याच्या घरातल्या बाईचे ऐकण्यास कोणी उरले होते काय, हा प्रश्न मनात राहतोच.

१८०० च्या जानेवारीत ते सेरामपूरला आले (हे बंगालचे श्रीरामपूर, आपल्या नगरकडचे नव्हे). ते डॅनिश राजाच्या ताब्यात असल्यामुळे कंपनी सरकारचा जाच तेथे नव्हता. मार्शमन व वॉर्ड हे सोबती मिळाले, छापखाना उभा राहिला, १८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला. त्याच सुमारास कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी नवे फोर्ट विल्यम कॉलेज काढले होते. विलायतेहून सोळासतरा वर्षांची पोरे येत आणि हातात एकदम जिल्ह्याचा कारभार घेत. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांची भाषा नाही, कायदा ठाऊक नाही, रीतिरिवाज ठाऊक नाहीत. तेव्हा या उमेदवारांनी तीन वर्षे येथील भाषा, कायदे व इतिहास शिकावेत अशी ती योजना. पण बंगाली शिकविणार कोण? ज्याला कंपनी आपल्या मुलखात मिशनरी म्हणून राहू देण्यास तयार नव्हती, त्याच मनुष्याला तिने १८०१ साली मास्तर म्हणून बोलावले.

मास्तर म्हणूनच, प्राध्यापक म्हणून नव्हे. प्राध्यापकपद हे चर्च ऑफ इंग्लंडच्या सभासदासच मिळावयाचे असा नियम होता. म्हणून केरींना पाचशे रुपये दरमहा व खालचा दर्जा मिळाला. प्राध्यापकपद व हजार रुपये मिळण्यास १८०७ साल उजाडावे लागले. त्यातला बहुतेक पैसा ते सेरामपूरच्या सामाईक खात्यात भरीत. अर्थात पगाराची ही उतरंड तेथे संपत नव्हती. बंगालीचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना दरमहा दोनशे रुपये होते, आणि ज्यांनी केरींना बंगाली शिकविली त्या रामराम बसूंना चाळीस. गुरूला चाळीस आणि शिष्याला पाचशे. कॉलेजच्या कौतुकात हा हिशेबही लक्षात ठेवला पाहिजे.

वर्ग सुरू झाले, पण शिकवावयास पुस्तकच नव्हते. बंगालीत पद्य उदंड, गद्य जवळजवळ नाही. मग केरींनी आपल्या पंडितांनाच लिहिते केले. रामराम बसूंनी राजा प्रतापादित्याचे चरित्र लिहिले. ते १८०१ मध्ये छापले गेले. स्वतः केरींनी व्याकरण रचले आणि त्याच वर्षी ‘कथोपकथन’ नावाचे संवादांचे पुस्तक काढले. त्यात साहेब व चाकर यांचे बोलणे आहे, तसेच सावकार व ऋणको, मजूर, कोळी आणि एकमेकींशी कडाकडा भांडणाऱ्या बायका यांचेही आहे, तेही त्यांच्याच भाषेत, शिव्यांसकट. पाळकाने असले छापावे याचे काहींना आश्चर्य वाटते. आम्हांला त्यात मदनाबाटीची पायपीट दिसते. ज्या तरुण अंमलदारापुढे उद्या हीच माणसे फिर्याद घेऊन उभी राहणार, त्याने ती कशी बोलतात हे वर्गात ऐकलेले बरे.

या काळातील त्यांचा एक दिवस कसा जाई हे त्यांच्या १८०६ च्या जूनमधील पत्रावरून समजते. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्राचा एक अध्याय, मग प्रार्थना. नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक उपासना. चहा ओतला जात असताना मुनशीबरोबर फारसी. न्याहारीपूर्वी हिंदुस्थानी. त्यानंतर दहा वाजेपर्यंत पंडिताला घेऊन रामायणाचे संस्कृतातून भाषांतर. मग दुपारपर्यंत कॉलेज. परतल्यावर यिर्मयाच्या बंगाली मुद्रितांची तपासणी, जेवणानंतर मुख्य पंडितांसह मत्तयाचे शुभवर्तमान संस्कृतात, संध्याकाळी तेलुगु पंडिताजवळ तेलुगु. रात्री इंग्रजी उपदेश, मग अकरापर्यंत यहेज्केल बंगालीत, त्यावर पत्रलेखन, आणि निजण्यापूर्वी ग्रीक करारातला एक अध्याय. दिवसातल्या किती घटका ते शिकविण्यात घालवीत आणि किती शिकण्यात, हे वाचकांनीच मोजावे. दर आठवड्याला काही दिवस ते नावेने हुगळी नदीतून कलकत्त्याला जात व काम आटोपून परत येत.

२० सप्टेंबर १८०४ रोजी कॉलेजच्या समारंभात गव्हर्नर जनरल, न्यायाधीश व मोठमोठे अधिकारी बसले असता केरी उभे राहून संस्कृतात बोलले. आपण येथील लोकांत सुवार्ता सांगत फिरतो हेही त्यांनी त्या भाषणात लपविले नाही. पुढे एका मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने, त्यांच्या कानावर जाईल अशा बेताने, हे पूर्वी जोडे बनवीत होते ना अशी चौकशी केली. केरींनी सांगितले की बनवीत नव्हतो, फक्त दुरुस्त करीत होतो.

आता मराठीकडे वळू. संस्कृत व मराठी हे विषय बंगालीच्या मागून त्यांच्याकडे आले. त्या सुमारास मराठ्यांशी युद्ध पेटले होते आणि कंपनीला मराठी जाणणारे अंमलदार हवे होते, हे स्पष्टच आहे. मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशर्मा हे नागपूरकडचे. १८०५ च्या व्याकरणात केरींनी त्यांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख केला आहे, आणि व्याकरणाला रोजच्या व्यवहाराचे संवादही जोडले आहेत. वैजनाथपंडितांच्या हातून सिंहासनबत्तिशी १८१४ मध्ये व हितोपदेश १८१५ मध्ये मराठीत आला. मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ साली छापले गेले व संपूर्ण नवा करार १८११ साली.

परंतु हा करार मराठी मुलखात रुजला नाही. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तो हाती घेतला तेव्हा ही भाषा येथल्या लोकांना नीट समजत नाही असे त्यांना आढळले. त्यांनी बाजारात, घाटावर, शाळांत बसून मराठी ऐकली आणि नव्याने भाषांतर केले. त्यांचा नवा करार १८२६ साली छापून झाला. याचा दोष आम्ही वैजनाथपंडितांना देणार नाही. बंगालीसाठी केरी निळीच्या शेतांतून हिंडले होते. मराठीसाठी त्यांच्यापाशी कलकत्त्यातली एक खोली व एक विद्वान होता. मराठीत भांडणाऱ्या बायका त्यांच्या कानावर कधी पडल्याच नाहीत. विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्या मुलांना हा प्रसंग सांगावा असे आम्हांला वाटते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी तेव्हा कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमननी येऊन बातमी सांगितली. संस्कृत व तिच्या भगिनीभाषांचा मोठा कोश, ज्यावर त्यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले होते, पूर्ण जळाला. कानडी नव्या कराराचे हस्तलिखित गेले, तेलुगु व्याकरण गेले, पंजाबीचा मोठा भाग गेला, अनेक लिप्यांचे खिळे वितळून त्यांचे गोळे झाले. मराठी कोश दोन वर्षे आधी छापून झाला म्हणून वाचला. केरी तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी पंडितांना बोलावून पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. तेलुगु व्याकरण १८१४ मध्ये व कानडी १८१७ मध्ये बाहेर पडले. तो मोठा कोश मात्र पुन्हा झाला नाही.

भाषाज्ञानाचा खरा कस लागावा असा एक दिवस त्यांच्या वाट्यास आला. सतीची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी १८०३ मध्येच कलकत्त्याभोवतीच्या तीस मैलांत एका वर्षात किती स्त्रिया जाळल्या गेल्या याची गणती करविली होती. तो आकडा ४३८ भरला. कॉलेजच्या पंडितांकडून त्यांनी शास्त्रवचने काढविली व ही चाल शास्त्राने बंधनकारक नाही हे सरकारपुढे मांडले. मृत्युंजय विद्यालंकारांनीही १८१७ मध्ये तसाच अभिप्राय दिला. अखेर ४ डिसेंबर १८२९ रोजी बेंटिंक यांनी बंदीचा कायदा केला, आणि त्याचे बंगाली करण्यासाठी तो केरींकडे आला. तो दिवस रविवार होता. त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले, पंडिताला सोबत घेतले आणि सायंकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. एक दिवस उशीर म्हणजे कोणाचा तरी जीव, हा त्यामागचा विचार.

१८३० च्या सुमारास सरकारने काटकसरीसाठी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या जागा काढून टाकल्या व केरींची तीस वर्षांची नोकरी संपली. तोवर सेरामपूरला त्यांचे व सोबत्यांचे स्वतःचे कॉलेज उभे होते. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजात कोणत्याही जातीधर्माच्या मुलास प्रवेश होता, व संस्कृत शिक्षणावर भर होता. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्यास पदव्या देण्याची सनद दिली. आपल्या अनेक पाळकसाहेबांच्या नावापुढील पदवी याच सेरामपूरची आहे.

९ जून १८३४ रोजी केरी सेरामपूर येथे मरण पावले. एक्केचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नव्हते. मृत्युपत्रात मागे ठेवण्यासारखी फार थोडी मालमत्ता होती. आपला ग्रंथसंग्रह लिलावात विकून त्यातले दीडहजार रुपये जेबेझ या मुलास द्यावेत असे त्यांनी लिहून ठेवले. मात्र शंखशिंपले व खनिजांचा संग्रह, परक्या भाषांतील शास्त्रग्रंथ आणि इटालियन व जर्मन भाषेतली सगळी पुस्तके विकावयाची नव्हती. ती कॉलेजच्या मुलांसाठी होती.