विश्लेषण : सह्याद्रीत बाइक टूर आखताना गोनीदा का आठवावेत?

पावसाळा सरत आला की चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत जोडून सुट्ट्यांचा हिशेब सुरू होतो. चार-पाच मित्र, तेवढ्याच मोटरसायकली आणि तीन दिवसांत जमतील तितके किल्ले, असा बेत मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ठरतो. जुलै २०२५ मध्ये लोहगड, राजगड, शिवनेरीसह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि या यादीवरच बेत आखणारेही निघाले. मात्र औद्योगिक पट्ट्याला खेटून असलेल्या तळेगाव दाभाड्यात राहून हेच डोंगर वर्षानुवर्षे पायी हिंडलेल्या एका लेखकाचा हिशेब अगदी वेगळा होता. ते म्हणजे गो. नी. दांडेकर.

गोनीदा कोण होते?

गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. वाचक त्यांना गोनीदा म्हणून ओळखतात, जवळचे लोक अप्पा म्हणत. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, किल्ल्यांवरील लेखन असा त्यांचा मोठा पसारा आहे. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर पुस्तकासाठी १९७६ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जब्बार पटेल यांचा १९७७ चा ‘जैत रे जैत’ हा चित्रपट त्यांच्याच कादंबरीवर आधारलेला. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

भटकंती कशी सुरू झाली?

सातवीत असताना, वयाच्या तेराव्या वर्षी, स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी शाळा आणि घर सोडले. पुढची वर्षे वणवण होती. गाडगेबाबांचा सहवास मिळाला. आळंदीत राहून ज्ञानेश्वरीचा अभ्यास झाला. नर्मदेची परिक्रमा त्यांनी पायी केली आणि त्या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आकाराला आली. १९४७ नंतर त्यांनी केवळ लेखनावर जगायचे ठरवले. खिशात पैसा नसताना मिळेल ते खाणे, मिळेल तिथे पाठ टेकणे आणि समोर येईल त्याच्याशी बोलणे ही सवय मात्र कोवळ्या वयातच अंगी मुरली होती. किल्ल्यांवर ती कामी आली.

त्यांची किल्लेभ्रमंती वेगळी कशी?

गोनीदा एकाच किल्ल्यावर पुन्हा पुन्हा जात. रायगड, राजगड, राजमाची यांची ओढ त्यांना कायम राहिली. तरुण सोबती घेऊन ते निघत. वाटा, टाकी, तटबंदी पाहत, छायाचित्रे काढत आणि गडाखालच्या वाड्यांतील माणसांत रमत. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पुस्तक या भटकंतीतूनच आले. त्यांच्या लेखनात किल्ला म्हणजे केवळ लढाईची जागा नाही. तिथे पाणी भरणारी, गुरे राखणारी, पावसाळ्यात अडकून पडणारी माणसे आहेत.

पवना खोऱ्याशी नाते काय?

पिंपरी-चिंचवडच्या नळांना पाणी पवना धरणातून येते. या धरणाच्या जलाशयाकाठी तुंग किल्ला उभा आहे. धरण होण्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, गोनीदांची ‘पवनाकाठचा धोंडी’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक तुंगच्या हवालदाराच्या घराण्यातला. नंतर धरणाच्या पाण्याखाली या खोऱ्यातील शेती आणि वस्त्या गेल्या. आज जलाशयाकाठी बाइक उभी करून फोटो काढणाऱ्याला दिसते ते फक्त पाणी. त्याखाली काय होते, याची कल्पना यायची तर ही कादंबरी हाती घ्यावी लागते.

राजमाचीचेही तसेच. ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीतला म्हातारा बुधा मुंबई सोडून आपल्या माचीवर परततो आणि झाडे-पाखरांच्या सोबतीने जगतो. यंत्रांच्या पाळीतून सुटून डोंगराकडे धावणाऱ्या कामगाराला हा म्हातारा परका वाटणार नाही.

मग तीन दिवसांचा बेत कसा आखावा?

गोनीदांचा कित्ता गिरवायचा तर किल्ल्यांची संख्या कमी करून एकच खोरे निवडावे लागते. चाकणहून तळेगाव, वडगाव, कामशेत आणि बेडसे लेण्यांच्या वाटेने पवनानगर गाठता येते. पेट्रोलची टाकी कामशेतलाच भरलेली बरी. पहिल्या दिवशी तिकोना पाहून खोऱ्यातच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तुंग. चढ उभा आहे, त्यामुळे उन्हाआधी निघणे चांगले. तेथून घुसळखांबमार्गे लोणावळा.

लोणावळा ते राजमाची साधारण १५ किलोमीटर. वाट कच्ची आणि खडबडीत. भर पावसात ती चिखलाने निसरडी होते, तेव्हा बाइकचा हट्ट सोडून चालत जाणेच शहाणपणाचे. मुक्काम माचीवरच्या उधेवाडीत. तिसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहून परत. लोहगड याच टापूत असला तरी तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, सूर्यास्ताआधी उतरावे लागते. म्हणून तो घाईत न उरकता वेगळ्या दिवसासाठी ठेवावा.

सोबत्यांचे काय?

टूर फसते ती बहुधा रस्त्यामुळे नाही, सोबत्यांच्या वेगवेगळ्या अपेक्षांमुळे. एकाला वेग हवा, दुसऱ्याला फोटो, तिसऱ्याला निवांतपणा. त्यामुळे निघण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या बऱ्या : सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याच्या वेगाने सगळे जातील आणि अंधार पडल्यावर घाटात कोणी गाडी चालवणार नाही. वाडीतल्या घरी जेवण हवे असेल तर आदल्या दिवशी कळवावे, ठरलेले पैसे द्यावेत, रात्री सायलेन्सरचा आवाज आवरावा आणि प्लास्टिक परत न्यावे. गोनीदांनी ज्यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज या वाड्यांत चूल पेटवतात. तीन दिवसांत सात गड केले, हे सांगायला ग्रुप पुरतो. तुंगच्या पायथ्याला भाकरी वाढणाऱ्या आजींचे घर धरणात गेले होते का, हे विचारायला मात्र थांबावे लागते.