बारा वर्षांच्या पोराचा अंगठा

वणीच्या स्टँडवरून नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडावर तुम्ही किती वेळा गेला असाल! पुढच्या वेळी जानेवारी-फेब्रुवारीत जाल तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढून जरा खिडकीबाहेर बघा. एखाद्या वावरात हिरव्या दांड्यांवर पांढरे गोल गेंद डुलताना दिसतील. ते कांद्याचे डोंगळे. त्यातूनच पुढे कांद्याचं बी, म्हणजे आपलं उळे, तयार होतं. घरी शेती असेल तर हे तुम्हाला सांगायला नकोच. आणि हेही माहीत असेल की कधी कधी डोंगळा भरघोस फुलतो, पण काढणीच्या वेळी हातावर चोळून बघावं तर बी कमी आणि भुसाच जास्त. याची कारणं बरीच असतात. त्यातलं एक मात्र पटकन लक्षात येत नाही. फुलं होती, पण पराग पोचलाच नाही.

या पराग न पोचण्याच्या गोष्टीत एका पोराचं नाव कायमचं जोडलं गेलंय. एडमंड आल्बियस. आज त्याचीच गोष्ट.

एडमंडचा जन्म 1829चा. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे. तेव्हा त्याचं नाव होतं बूर्बोन आणि सत्ता फ्रेंचांची. एडमंड जन्माने गुलाम. आई बाळंतपणातच गेली. गुलामाला आडनाव नसायचं, शाळा तर लांबच राहिली. त्याचा मालक फेरेओल बेलिये-बोमाँ याला झाडापेलांचा भारी नाद. तो या पोराला बागेत सोबत फिरवायचा, फुलांची ओळख करून द्यायचा. कलिंगडासारख्या वेलीवर नरफुलातला पराग मादीफुलाला हाताने कसा लावायचा, हेही त्यानेच एडमंडला दाखवलं होतं.

याच बागेत व्हॅनिलाचा एक वेल होता. व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडची. 1820च्या आसपास फ्रेंचांनी तिचे वेल या बेटावर आणले. हवामान मानवलं, वेल वाढले, फुललेसुद्धा. पण शेंग काही धरेना. कारण वेल आले, तरी त्यांच्या फुलांवर बसणाऱ्या मेक्सिकोतल्या माश्या मागेच राहिल्या होत्या. शिवाय व्हॅनिलाच्या फुलाची रचनाही अवघड. पराग आणि कुक्षी एकाच फुलात, अगदी शेजारी-शेजारी. पण मध्ये एक पातळ पडदा. म्हणजे पराग आहे, पण पोचत नाही. त्यात फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. तेवढ्या काही तासांत जमलं तर जमलं!

बेल्जियममध्ये शार्ल मोरँ या शास्त्रज्ञाने 1836 साली हाताने परागीभवन करून व्हॅनिलाची शेंग मिळवली होती. पण शेतात, हजारो फुलांवर, झटपट वापरता येईल अशी युक्ती काही हाती लागली नव्हती.

1841 साल. मालक बागेत फिरत होता. वीसेक वर्षं वांझ राहिलेल्या त्या वेलावर त्याला शेंगा लटकलेल्या दिसल्या. हे आपण केलं, असं एडमंडने सांगितलं, तेव्हा मालकाचा विश्वासच बसेना. मग आणखी शेंगा दिसल्या आणि त्याने एडमंडला करून दाखवायला लावलं. पोराने बांबूची बारीक काडी घेतली, फुलाची पाकळी बाजूला केली, काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग हलकेच कुक्षीवर दाबला. झालं! काही सेकंदांचं काम. तेव्हा त्याचं वय होतं 12. तुमचा लहान भाऊ सातवीत असेल ना, तेवढा.

मग आजूबाजूचे मळेवाले एडमंडला बोलावून घेऊ लागले. तो या मळ्यातून त्या मळ्यात फिरला आणि इतर गुलामांना ही युक्ती शिकवत गेला. बघता बघता हे बेट व्हॅनिलाच्या उत्पादनात मेक्सिकोच्याही पुढे गेलं. मळेवाले गब्बर झाले. आणि एडमंड? त्याला काय मिळालं?

डिसेंबर 1848मध्ये बेटावरची गुलामी संपली. एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळालं, पैसा मात्र नाही. तो शहरात गेला, स्वयंपाकघरात राबला. पुढे चोरीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली. जुन्या मालकाने या माणसाने बेटाला काय दिलंय याची आठवण करून देत रदबदली केली, तेव्हा तो मुदतीआधी सुटला. त्यातच एका नामांकित फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने ही पद्धत आपलीच, असा दावा ठोकला. एका गुलाम पोराला हे सुचलं, हे अनेकांच्या पचनीच पडत नव्हतं. तेव्हाही एडमंडच्या बाजूने उभा राहिला तो बेलिये-बोमाँच. पण पेन्शन नाही, बक्षीस नाही. 1880 साली एडमंड गरिबीतच गेला. आज त्या बेटावर त्याचा पुतळा आहे. आणि मादागास्करपासून आपल्या केरळ-कर्नाटकापर्यंत व्हॅनिलाची शेंग आजही त्याच काडी-अंगठ्याच्या पद्धतीने धरते. एक फूल, एक शेंग, एक स्पर्श.

आता परत आपल्या डोंगळ्याकडे येऊ. कांद्याच्या फुलातही परागाचा पेच आहेच, फक्त वेगळा. एका फुलात पराग आधी पिकून झडतो आणि त्याच फुलाची कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि ते काम मुख्यतः मधमाश्यांचं. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. माशी फिरकलीच नाही, तर त्यातल्या किती भरणार? गेंद तेवढाच मोठा दिसतो, बी मात्र उतरत नाही. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की किडीबरोबर माश्याही जातात. आणि एका गेंदात शेकडो फुलं. काडी घेऊन किती फुलांना हात लावणार?

म्हणून काही बीजोत्पादक शेतकरी फुलोऱ्यात वावरात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. तुमच्या घरी डोंगळे असतील तर या हंगामात सकाळी दहाच्या सुमारास दहा मिनिटं बांधावर उभे राहा आणि गेंदांवर किती माश्या येतात ते मोजा. फारच कमी दिसल्या तर वडिलांशी, काकांशी बोला. फुलोऱ्यात फवारणी टाळता येईल का, पेट्या आणता येतील का, ते विचारा.

आणि संकरित कापसाच्या बीजोत्पादनाचा प्लॉट कधी पाहिलात, तर तिथे फुलाफुलाला हाताने पराग लावणाऱ्या बायकांकडेही जरा नीट बघा. बियाण्याच्या पाकिटावर त्यांचं नाव कुठेच नसतं. एडमंडचंही शेंगेवर कधी नव्हतं.