थोर वैद्य ली शिजेन

मागच्या अंकात सगळ्यांनी आपल्या देशातल्या थोर पुरुषांची माहिती लिहिली होती. मी या वेळी चीन देशातल्या एका वैद्यांची माहिती लिहिणार आहे. त्याचं कारण आधी सांगते.

माझ्या लहान भावाला खोकला झाला होता. आजीनं मला बाजारच्या दिवशी ज्येष्ठमध आणायला पाठवलं. झाडपाला विकणाऱ्यानं पुडी बांधून दिली ती मी तशीच घेतली. उघडून बघितली नाही, कारण मला बांगड्या बघायला जायचं होतं. घरी आल्यावर आजीनं काडी मोडली, वास घेतला, दाताखाली धरली आणि लगेच थुंकून टाकली. ज्येष्ठमध आतून पिवळा आणि चवीला गोड असतो. ही काडी आतून पांढरी आणि कडू होती. कशाची मुळी होती कोण जाणे! बाळाला ती उगाळून दिली असती तर काय झालं असतं, असं आजी म्हणाली. मला फार रडू आलं. भावाला मग दवाखान्यात नेलं आणि तो बरा झाला. मी ही गोष्ट शाळेत सांगितली तेव्हा गुरुजींनी आम्हाला ली शिजेन यांची गोष्ट सांगितली.

ली शिजेन यांचा जन्म १५१८ साली चीनमधल्या हूबे प्रांतात चीचौ या गावी झाला. त्यांचे आजोबा गावोगाव फिरून औषध देत. वडीलही वैद्य होते. पण त्या काळी तिथे वैद्याला मोठा मान नव्हता. म्हणून मुलानं परीक्षा देऊन सरकारी अधिकारी व्हावं असं वडिलांना वाटे. चौदाव्या वर्षी ली शिजेन पहिली परीक्षा पास झाले. पुढच्या मोठ्या परीक्षेत मात्र ते तीन वेळा नापास झाले. शेवटी तेविसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपण वैद्यच व्हायचं. वडिलांनी त्यांना शिकवलं.

ते रोग्यांना तपासू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की औषधांच्या जुन्या पुस्तकांत खूप चुका आहेत. एकाच वनस्पतीला दोन नावं, तर कुठे दोन वनस्पतींना एकच नाव. कुठे विषारी वनस्पतीची आणि चांगल्या वनस्पतीची गल्लत झालेली. पारा खाल्ला की माणूस अमर होतो असंसुद्धा लिहिलेलं होतं! पाऱ्याने माणसं मरतात हे ली शिजेन यांनी स्पष्ट लिहिलं. चुकीच्या पुस्तकामुळे रोग्याचा जीव जाईल, म्हणून १५५२ साली त्यांनी नवीन पुस्तक लिहायला घेतलं.

त्यांनी सुमारे ८०० पुस्तकं वाचली. पण नुसतं वाचून ते थांबले नाहीत. ते डोंगरात हिंडले. शेतकरी, कोळी, लाकूडतोडे, साप पकडणारे अशा सगळ्यांना विचारलं. खवले मांजर मुंग्या खातं हे पुस्तकात होतं, तर त्यांनी एकाचं पोट उघडून पाहिलं. आत मापभर मुंग्या निघाल्या.

खरं औषध कसं ओळखावं हे त्यांनी फार छान लिहिलं आहे. त्यांच्या गावाकडचा एक साप औषधासाठी प्रसिद्ध होता. व्यापारी दुसरीकडचे साप आणून तेच म्हणून विकत. ली शिजेन यांनी खुणा लिहून ठेवल्या. खऱ्या सापाच्या दोन्ही बाजूंना मिळून चौकटीसारखे २४ ठिपके असतात आणि तो वाळला तरी त्याचे डोळे खोल जात नाहीत.

जिन्सेंग नावाची एक मुळी चीनमध्ये फार महाग असते. लबाड लोक तिच्या जागी दुसऱ्या मुळ्या विकत. ली शिजेन यांनी लिहिलं की खरी मुळी आतून भरीव असते, मधे गाभा असतो, आणि चव गोड व किंचित कडू असते. खोटी एक मुळी पोकळ असते, तर दुसरी कडू असते. काही विक्रेते तर खरी मुळी पाण्यात भिजवून तिचा रस स्वतःच पिऊन टाकत आणि चोथा वाळवून पुन्हा विकत! हे ऐकून आमचा सगळा वर्ग हसला. पण मला हसू आलं नाही, मला माझी पुडी आठवली.

ज्येष्ठमधसुद्धा त्यांच्या पुस्तकात आहे. चिनी भाषेत त्याला गोड गवत असं म्हणतात. म्हणजे नावातच चव सांगितली आहे. मला हे आधी माहीत असतं तर!

१५७८ साली पुस्तक पुरं झालं. त्याला २७ वर्षं लागली. तीन वेळा ते पुन्हा लिहिलं. त्यात ५२ भाग, १८९२ औषधं, ११ हजारांहून जास्त नुस्खे आणि ११०० च्या वर चित्रं आहेत. चित्रांच्या कामी मुलांनी मदत केली. पण एवढं मोठं पुस्तक छापायला कोणी तयार होईना. १५९३ साली ली शिजेन वारले आणि १५९६ साली नानजिंग शहरात पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांना ते छापलेलं बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या मुलानं एक प्रत बादशहाला नेऊन दिली. पुस्तकाचं नाव बेनत्साव गांगमू. २०११ साली युनेस्कोनं त्याची नोंद जगाच्या ठेव्यात केली.

त्या पुस्तकातलं सगळंच आता खरं मानत नाहीत. गुरुजींनी सांगितलं की आजार असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं, आणि अनोळखी मुळी आपण मुलांनी कधीही तोंडात घालू नये. पण नीट बघणं, मोडून बघणं, वास घेणं आणि माहीतगार माणसाला विचारणं हे ली शिजेन यांच्याकडून शिकता येतं.

आता बाजारात गेले की मी पुडी तिथेच उघडते. विकणारा रागावला तरी उघडते. मग आजीला दाखवते. बांगड्या नंतर बघते.

— इयत्ता चौथी